एकतीस नंबरची हजेरी

वैजयंतीच्या नवऱ्याचा, प्रमोदचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या आमच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये, मालाची मोजणी करत होते. "नीताताई, वैजू गेली," तो म्हणाला. "सकाळच्या बॅचला शिकवत होती. खडू हातातून पडला, खुर्चीत बसली आणि..." मी पॅडवरचा कागद उलटला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. कोणाला कळवायचं, तिच्या लेकीला पुण्याहून कोण आणेल, तिच्या अण्णांना कोण सांगेल. रडण्याआधी यादी करायची मला सवय आहे. बहुतेकदा यादी संपेपर्यंत रडायची वेळ टळून गेलेली असते. वैजयंतीला हे माहीत होतं. माझी आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी ती घरी आली होती, मी पाहुण्यांच्या जेवणाची यादी करत होते. माझ्या शेजारी बसून तिने हळूच विचारलं होतं, "टाइमटेबल, आज रडायचं कितीला आहे गं?" आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देत रडले होते. आता ते विचारणारं कोणी नाही. तिला जाऊन सात आठवडे झाले, आणि माझ्या याद्या मात्र वेळेवर पूर्ण होत आहेत.

श्रद्धांजली सभेत कोण किती मिनिटं बोलणार, ती यादीही मीच केली होती. माजी विद्यार्थी बोलले, शेजारच्या क्लासचे सर बोलले. सगळ्यांच्या बोलण्याचा मथळा एकच होता, वैजयंती मॅडम म्हणजे केमिस्ट्री. एक मुलगा, आता मोठ्या कंपनीत आहे, म्हणाला की मॅडमच्या नसानसांत केमिस्ट्री होती. शेवटी अण्णा उठले. वैजूचे वडील, वय वर्षं त्र्याऐंशी, पंचवटीत पूजेच्या साहित्याचं दुकान. काठी टेकून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी मुलगी कॉलेजात एक तास चुकली नाही. तिच्या सरांनी मला मस्टर उघडून दाखवलं होतं. शंभर टक्के हजेरी!" लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या शंभर टक्क्यांतली निम्म्याहून जास्त हजेरी माझ्या आवाजातली होती. हे त्या सभेत सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही दोघी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. बारावीला बरे मार्क पडलेल्या मुलीने सायन्सलाच जायचं, ही तेव्हा चर्चेचीसुद्धा गोष्ट नव्हती. ती पंचवटीतून सायकलवर यायची, पूल ओलांडून, वेणी उलटी गळ्याभोवती टाकून. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते वर्गात नाही, नोटीस बोर्डासमोर. ती सगळ्या विभागांची वेळापत्रकं वहीत उतरवून घेत होती. मला वाटलं, ही माझ्यासारखीच दिसते. विचारलं, "कशाला गं सगळी?" तर म्हणाली, "नुसतं दारातून बघत होते, आत काय चाललंय ते. मग वाटलं, बघायचंच तर आत बसून बघू."

मी खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण वेळापत्रक नीट आखलेलं नसलं की मला चैन पडत नाही. तिने वहीत उतरवलेला गोंधळ मी घरी नेला आणि चार रंगांच्या पेनांनी एक तक्ता केला. केमिस्ट्रीचा कुठला तास बुडवला तर इतिहासाचा कुठला मिळतो, मानसशास्त्र कधी, तत्त्वज्ञान कधी. प्रॅक्टिकल बुडवायचं नाही, ते पकडलं जातं. तत्त्वज्ञानाला सातच विद्यार्थी होते; आठवी येऊन बसली तर सरांना आनंदच झाला, त्यांनी नावही विचारलं नाही. मानसशास्त्राच्या बाईंनी विचारलं, तेव्हा हिने शांतपणे सांगितलं, "बाई, मी इथली नाही, पण मला बसू द्या." बाईंनी बसू दिलं. पहिल्या दोन महिन्यांत ती पाच विभाग फिरली. रोज मधल्या सुट्टीत कॅन्टीनच्या पायरीवर बसून मला सांगायची, आज काय ऐकलं. मी ऐकायचे आणि पुढच्या आठवड्याचा तक्ता करायचे. कुठलाही विषय मला त्यात दिसला नाही, नुसत्या वेळा दिसल्या.

आणि हजेरी मी लावायचे. आमचे विभागप्रमुख मान खाली घालून, चष्मा नाकावर, नुसते नंबर वाचत जायचे. माझा रोल नंबर सत्तावीस, तिचा एकतीस. मध्ये तीन मुली. तेवढ्यात मला गळा बदलायला वेळ मिळायचा. सत्तावीसला माझा नेहमीचा जाड आवाज, एकतीसला बारीक, नाकातून, "प्रेझेंट सर." मागच्या बाकावरच्या मुली तोंडावर रुमाल धरायच्या. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते. दुसऱ्या कोणी मैत्रिणीसाठी अशी हजेरी लावली असती तर दहातले चार दिवस विसरली असती. मी एकही दिवस विसरले नाही. कमी-जास्त हजेरी दिसली असती तर पुढे जे घडलं ते घडलं नसतं. पण मला अर्धवट काम करता येत नाही.

भूगोल तिला गणपतीच्या सुमारास सापडला. त्या विभागाची क्षेत्रभेट हरसूलला होती, ही आपली परवानगी काढून त्यांच्या एसटीत जाऊन बसली. आठवडे बाजाराची पाहणी करायची होती, कोण काय विकतं, किती लांबून येतं. परत आली ती उन्हाने काळवंडून, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि बोलायची थांबेना. नागलीची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने तिला विचारलं होतं, "लय लिवती गं तू. लिवून काय व्हणार हाय? चालत आले, चालत जाईन." वैजू म्हणाली, "अगं, मी तिला विचारलं, कुठल्या वाटेने आलात? तर तिने तीन वाटा सांगितल्या. पावसाळ्याची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी आणि डोक्यावर ओझं असलं तर तिसरी. तीन वाटा, नीते! आणि आपल्याकडच्या नकाशावर एकच आहे." मी म्हणाले, उद्या पहिल्या तासाला टेस्ट आहे. ती म्हणाली, "टेस्ट तू दे गं माझी, आवाज येतोच तुला." आणि हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "मी बदलून घेणार. बी.ए. करणार. भूगोल."

त्या काळी आमच्याकडे सायन्सहून आर्ट्सला जाता यायचं, पण दिवाळीच्या सुट्टीआधीच. नंतर दार बंद. अर्जावर विभागप्रमुखांचा शेरा आणि पालकांची सही लागायची. भूगोलाच्या मॅडम घ्यायला तयार होत्या. प्रश्न अण्णांचा होता. सायन्स सोडून आर्ट्सला जाणं म्हणजे मुलगी नापास होण्याच्या बेतात आहे, असाच अर्थ लोक काढायचे. अण्णांनी घरी सांगितलं, "तुझे सर म्हणाले की तुला हे झेपत नाही, तर सही करीन. उगाच लहर म्हणून करणार नाही." म्हणजे ती वर्गात बसतच नाही, तिचं मन तिथे नाही, एवढं सिद्ध झालं असतं तरी पुरत होतं. अण्णा सरांना भेटायला येणार त्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "तू ये माझ्याबरोबर केबिनमध्ये. एवढंच सांग की मी वर्गात नसते. बाकीचं मी बोलेन." मी हो म्हणाले. घरी जाऊन काय बोलायचं ते चार ओळींत लिहूनही काढलं.

केबिनमध्ये आम्ही चौघं. सरांनी अण्णांना खुर्ची दिली, मस्टर पुढे ओढलं आणि बोट फिरवत गेले. "एकतीस... एकतीस... हे बघा. एकही खाडा नाही! अख्ख्या वर्गात अशा दोनच, सत्तावीस आणि एकतीस. अशी मुलगी आर्ट्सला देऊन टाकायची?" अण्णांचा चेहरा खुलला. "मी तेच म्हणतो. भूगोल करून काय करणार ही? पंचवटीत यात्रेकरूंना नकाशे विकणार?" सर मोठ्याने हसले. वैजू म्हणाली, "सर, मी वर्गात नसते." सर म्हणाले, "मग कोण असतं? तुझं भूत?" पुन्हा हसले. मग हसणं थांबवून, चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "कोणी खोटी हजेरी लावत असेल तर नाव सांग. दोघींचीही टर्म ग्रँट करणार नाही. वर्ष गेलं समजा."

वैजूने माझ्याकडे पाहिलं. नाव ती सांगणार नव्हती, ते मी सांगायचं होतं. माझ्या ओढणीच्या टोकात त्या चार ओळींची चिठ्ठी गुंडाळलेली होती. मी सरांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला सुट्ट्यांचा तक्ता वाचत राहिले. दसरा, दिवाळी, नाताळ... मग तिचाच आवाज ऐकू आला, अगदी हलका. "गंमत केली, सर."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चल, प्रॅक्टिकल आहे," एवढंच. दुसऱ्या दिवशी ती तासाला येऊन बसली. सर नंबर वाचत होते. एकतीस आला आणि सवयीने माझ्या तोंडून बारीक आवाज गेला, त्याच क्षणी तिचाही. दोन "प्रेझेंट सर" एकदम. वर्ग हसला. सरांनी मान वर केली, आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा खाली घालून म्हणाले, "बत्तीस." म्हणजे त्यांनाही कळलं होतं. त्यांच्या मस्टरमध्ये सगळं नीट भरलेलं होतं आणि ते त्यांना बिघडवायचं नव्हतं. मला हे आज स्पष्ट कळतं, कारण मीही तशीच माणूस आहे.

ती केमिस्ट्री घेऊन पास झाली, चांगल्या मार्कांनी. एम.एस्सी. केलं, लग्न झालं, मुलगी झाली, पंचवटीत एक खोली भाड्याने घेऊन अकरावी-बारावीचे क्लास सुरू केले आणि बावीस वर्षं चालवले. वाईट शिकवत नव्हती. पण मी तिला कधी केमिस्ट्रीबद्दल आपणहून एक वाक्य बोलताना ऐकलं नाही, क्लासच्या बाहेर कधीच नाही. आमची मैत्री टिकली. लोकांना वाटतं, टिकली म्हणजे सगळं मिटलं. मी एकदाच, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, तिच्या स्वयंपाकघरात तो विषय काढला. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "तू बोलली असतीस तर तुझं वर्ष गेलं असतं. तुझ्या घरी तुला पुन्हा पाठवलं नसतं. मला माहीत होतं ते." मी म्हणाले, "मग मला नेलंस कशाला?" तिने वर पाहिलं नाही. "बघायला," म्हणाली, आणि देठं बाजूला करत राहिली.

मागच्या वर्षी तिच्या लेकीने, ईशाने, पुण्यात विषय बदलला. आता मेजर आणि मायनर विषय असतात, इकडून तिकडे जाता येतं. ईशाने अर्थशास्त्र सोडून मानसशास्त्र घेतलं. मी वैजूला विचारलं, तू काय म्हणालीस? "मी काय म्हणणार? मी चहा गाळत होते. ती मोबाइलवर काहीतरी करत होती. चहा गाळून होईपर्यंत झालंसुद्धा." मग कप माझ्यापुढे सरकवला. "कोणाची सही नाही, कोणाचा शेरा नाही, कोणाची मैत्रीण नाही." शेवटचे तीन शब्द तिने मुद्दाम जोडले होते की सहज, हे मी आता कोणाला विचारू?

सभेनंतर आठ दिवसांनी मी अण्णांकडे गेले. दुकानाच्या वरच्या खोलीत ते खिडकीपाशी सुपारी कातरत बसले होते. मी बसलेही नाही. म्हणाले, "अण्णा, वैजूची हजेरी मी लावत होते. ती वर्गात नसायची. त्या दिवशी तुमच्यासमोर मला हे सांगायचं होतं, मी घाबरले."

अडकित्ता थांबला नाही. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी तासभर आधीच आलो होतो. शिपायाला वर्ग विचारला, दारातून डोकावलो. तू होतीस, ती नव्हती. नंतर पलीकडच्या इमारतीतून येताना दिसली. एकटीच हसत येत होती."

मी कॉटच्या कडेला बसले. "मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? सर माझ्याच बाजूने बोलत होते." सुपारीचा चुरा त्यांनी तळहातावर घेतला, नुसते पाहत राहिले. "मी तुझ्याकडे बघत होतो, नीता. म्हटलं, ही पोरगी बोलली तर करून टाकू सही. तू बोलली नाहीस."

"आता म्हणायला काय जातंय, अण्णा!"

"काही जात नाही," ते म्हणाले. "काही राहिलंच नाही जायला."

मी चिडले. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाशी, ज्याची मुलगी नुकतीच गेली आहे, त्याच्याशी मी भांडले. म्हणाले, "माझ्यावर ढकलू नका. मी अठरा वर्षांची होते, तुम्ही पन्नाशीचे. आणि सभेत शंभर टक्के म्हणून कशाला सांगितलंत? ठाऊक होतं तर?" ते म्हणाले, "मग काय सांगायचं होतं? चार लोकांत काय सांगायचं असतं?" खाली दुकानात कोणीतरी कापूर मागत होतं. अण्णा म्हणाले, "वाटून घेऊ. अर्धं तुझं, अर्धं माझं." मी म्हणाले, "तुमचं तुमच्याकडे ठेवा. माझं मला पुरेसं आहे." चहा न घेता उतरले. हलकं वाटेल म्हणून गेले होते. कबूल केल्यावर हलकं वाटतं, असं कोण सांगतं कोण जाणे.

गेल्या रविवारी प्रमोदने क्लासची खोली रिकामी करायला बोलावलं. मालकाला खोली परत हवी होती, सोमवारी रंगारी येणार होता. मी यादी करून गेले. बाकं, फळा, घड्याळ, पंखे, आवर्त सारणीचा मोठा तक्ता. फळ्याशेजारचा तो तक्ता मुलांच्या डोळ्यांसमोर असायचा. तो उतरवायला मी फळ्यापाशी, वैजू उभी राहायची त्या जागी गेले, आणि वळले. बावीस वर्षांत मी त्या जागी कधी उभी राहिले नव्हते. मुलांच्या पाठीमागची, दाराच्या बाजूची भिंत, जी फक्त शिकवणाऱ्याला दिसते, ती वरपासून खालपर्यंत आलेखाच्या कागदांनी भरलेली होती. कागदाला कागद जोडून केलेला नाशिकचा नकाशा. पेन्सिलीने काढलेले रस्ते, बोळ, नदी, पूल, आणि त्यावर शेकडो बारीक ठिपके, दर वर्षीच्या शाईचा रंग वेगळा.

"मुलं राहतात ती घरं," प्रमोद म्हणाला. "नवीन मूल आलं की आधी घर कुठे ते विचारायची, नाव नंतर. कोणत्या वाटेने येतोस, तेपण. मग रविवारी स्वतः जाऊन बघून यायची. मी म्हणायचो, कशाला गं? तर म्हणायची, बघून येते."

मी तो सोडवायचा प्रयत्न केला. खळीने थेट भिंतीला चिकटवला होता, नख घातलं तर कोपरा गिलाव्यासकट हातात आला. प्रमोद म्हणाला, "राहू द्या, ताई. निघणार नाही तो." आम्ही फोटो काढले. फोटोत ठिपके दिसत नाहीत.

मग मी माझं घर शोधलं. गंगापूर रोडवर बोट ठेवून गेले. आमची इमारत होती, गेटसकट, शेजारच्या दवाखान्यासकट, अगदी बरोबर. इमारतीवर ठिपका नव्हता. माझा सौरभ सहा वर्षांपूर्वी बारावीला होता, तेव्हा तिने विचारलं होतं, "पाठवतेस ना माझ्याकडे?" मी म्हणाले होते की त्याचे मित्र दुसऱ्या क्लासला जातात. खरं कारण मी कोणालाच सांगितलेलं नाही. जिच्या हजेऱ्या मी लावल्या होत्या, तिला केमिस्ट्री खरोखर किती येत असेल, असा मला संशय होता. तिने ते ओळखलं होतं की नाही, माहीत नाही. घर मात्र काढून ठेवलं होतं.

पेन माझ्या हातातच होतं, यादीवर खुणा करायला घेतलेलं. एक ठिपका द्यायला क्षणही लागला नसता, आणि सोमवारी तर सगळ्यावरच रंग बसणार होता. प्रमोद पाठमोरा बाकं ओढत होता. मी भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिले. मग पेनाला टोपण लावलं आणि त्याला विचारलं, पंखे आधी काढायचे की फळा.